कपाळावरचा शिक्का: डॉक्टर युए प्रकरण

बँकेच्या अंतर्गत तपासणीत सव्वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कादंबरी वाचतानाही ‘हे कुणी तपासलं होतं?’ असा प्रश्न पडतो. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वाळूतल्या अजस्र अळ्यांमागे धावत शेवटपर्यंत पोचलो. दुसऱ्या खेपेला पेन्सिल घेऊन बसलो आणि एकाच नावाभोवती गोल करत गेलो: डॉक्टर वेलिंग्टन युए. एका उमद्या राजघराण्याचा एका रात्रीत निकाल लागतो, तो या माणसाच्या हातून. त्या घराण्याकडे साम्राज्यात नावाजलेला हेरप्रमुख होता. समोरच्याच्या आवाजातला बारीकसा कंप ओळखणारी घरधनीण होती. घरात फितूर आहे ही खबर वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा आलेली होती. तरी फितूर सापडला नाही. का सापडला नाही, एवढ्यापुरतंच हे टिपण.

शेवट फुटेल म्हणून कुणी वाचायचं थांबू नये. फितूर कोण ते हर्बर्टने स्वतःच सुरुवातीला सांगून टाकलंय. त्याबद्दल पुढे येईलच.

पट

गोष्टीतलं साल 10191, तिथल्या साम्राज्याच्या स्वतःच्या कालगणनेतलं. गादीवर पादशहा शद्दाम चौथा. ‘पादशहा’ हा शब्द हर्बर्टचाच, मी मराठीकरण केलेलं नाही. पादशहासमोर सरदार घराण्यांची सभा. या दोघांनाही वेठीला धरू शकेल असा गिल्ड, कारण एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं तर जहाजं फक्त त्याची. शिवाय बेने जेसरिट हा बायकांचा पंथ. त्या उघडपणे कुणाच्याच बाजूच्या नाहीत, पण मोठ्या घरांमध्ये त्यांची कोणी ना कोणी शिकलेली बाई आहेच. या सगळ्यांचं दाणापाणी अराकिस नावाच्या एका रखरखीत ग्रहावर अवलंबून. ‘मसाला’ नावाचं द्रव्य तिथेच मिळतं, आणि गिल्डच्या नाविकांना मसाला मिळाला नाही तर जहाजं जागची हलत नाहीत.

अट्रेडीज आणि हारकोनन ही हाडवैरी घराणी. अराकिस हारकोननांकडे होतं. पादशहाने ते काढून ड्यूक लेटो अट्रेडीजला दिलं. कागदावर ही बढती. आतून काटा काढायची तयारी, कारण सरदारांच्या सभेत लेटोचं वजन वाढत चाललं होतं. बखरी वाचलेल्या माणसाला इथे परकं काहीच वाटत नाही. सरदाराला नवा मुलूख लावून द्यायचा, जुन्या मातीतून त्याची मुळं उपटायची, आणि मग त्याच्या वैऱ्याला हळूच वाट मोकळी करून द्यायची. लेटोला हे सगळं दिसत होतं. तो उघड्या डोळ्यांनी सापळ्यात शिरला, हेरप्रमुख थुफिर हवातच्या भरवशावर.

हवात ‘मेंटॅट’ आहे. या जगात विचार करणाऱ्या यंत्रांना बंदी आहे, म्हणून माणसांनाच हिशेबयंत्र म्हणून घडवतात. हवातने अट्रेडीजच्या तीन पिढ्यांची चाकरी केली. त्याचं डोकं म्हणजे चालतीबोलती खतावणी. पण खतावणीत जी रक्कम चढवलीच नाही तिची बेरीज कोण करणार?

शिक्का

युए हा घरचा डॉक्टर, सुक विद्यालयात शिकलेला. तिथल्या निवडक वैद्यांवर एक संस्कार करतात, ‘इम्पीरियल कंडिशनिंग’. तो झाला की त्या माणसाच्या हातून कुणाचा जीव घेतला जात नाही. खूण म्हणून कपाळावर हिऱ्याच्या आकाराचं गोंदण, आणि लांब केस अडकवायला चांदीची कडी. माणसाला मारल्याशिवाय हा संस्कार पुसता येत नाही अशी सगळ्यांची खात्री. खुद्द पादशहालाही अशा वैद्याच्या हाती बिनघोर सोपवावं, इतकी.

बॅरन व्लादिमिर हारकोननने ही खात्रीच विकत घेतली. त्याच्या पदरी पायटर द व्ह्रीज नावाचा एक विकृत मेंटॅट होता. संस्कार पुसायच्या भानगडीत पायटर पडला नाही, त्याने संस्काराच्या खालची फट शोधली. युएची बायको वाना, बेने जेसरिट पंथातली, हारकोननांच्या ताब्यात होती. तिचे हाल थांबवायचे असतील तर ड्यूक आमच्या हवाली कर, एवढाच सौदा.

इथे मला माझीच एक शाखा आठवते, नाव कशाला घ्या. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे, हा नियम. रजिस्टरवर रोज दोन सह्या होत्या, पण शाई एक आणि अक्षराचं वळणही एक. माझ्या आधीच्या तपासण्यांत कुणी शेरा मारलेला नव्हता. किल्ली सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, सोज्वळ, कपाळाला गंध. पहिल्या वर्षी मीही शेरा मारला नाही. चहा घेतला आणि सही केली.

सौदा करणाऱ्या बॅरनला हे पक्कं ठाऊक होतं, की तपासणारा माणूस गंध पाहून पुढे जातो.

आलेल्या खबरा

अराकिसवर उतरल्यापासून हल्ल्याच्या रात्रीपर्यंत घराकडे काय काय आलं, ते क्रमाने पाहिलं की जीव हळहळतो.

सगळ्यात पहिली खूण तर निघण्याआधीची, कॅलडन या घरच्या ग्रहावरची. युए लेटोच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, पॉलला, एक इवलंसं धर्मपुस्तक भेट देतो, प्रवाशांसाठी केलेलं, भिंगातून वाचायचं. पॉल ते नेमकं अशा जागी उघडतो जिथे वाचून वाचून पान आपोआप उघडायची सवय लागली आहे. तो मोठ्याने वाचू लागतो. युए एकदम ओरडतो, थांब. ते वानाचं आवडतं वचन होतं. मग सावरून माफी मागतो. पोराला काहीतरी खुपतं, पण मोठ्या माणसाचं दुःख म्हणून तो सोडून देतो.

अराकिसवरच्या आराकीन शहरातल्या वाड्यात जेसिकाला, म्हणजे लेटोची सहचरी आणि पॉलची आई असलेल्या त्या घरधनिणीला, एक काचघर सापडतं. बाहेर घोटभर पाण्यासाठी माणसं जीव देतात, आणि इथे पाणथळ ग्रहांवरची झाडं, कारंजं, ओलावा. आधी तिथे राहणारी लेडी मार्गो फेनरिंग तिच्यासाठी एक चिठ्ठी ठेवून गेली आहे. मजकूर साधा, पाहुणचाराचा, पण त्यात एक वाक्य असं की ते फक्त बेने जेसरिट बाईलाच खटकावं. जेसिका चिठ्ठीच्या कडा चाचपते, काही नाही. मग चिठ्ठीवर झुकलेलं एक पान उलटं करते. पानाच्या पोटाशी बोटांना लागतील असे ठिपके. त्यातला निरोप: तुझ्या मुलाच्या जिवाला धोका आहे, त्याचा बिछान्याशी संबंध आहे, आणि ड्यूकवरचं संकट एखादा विश्वासू सोबती किंवा सरदार उलटण्यातून येणार आहे.

ती हे वाचते न वाचते तोच पॉल धावत येतो. त्याच्या मुठीत, त्याने पलंगाच्या उशाकडून निघताना पकडलेला हंटर-सीकर आहे, बोटभरही नसलेला, हवेत तरंगत शिकार शोधणारा सुईसारखा मारेकरी. जेसिका म्हणते, बुडव पाण्यात. हे यंत्र जवळूनच कुणीतरी चालवत असतं. तो माणूस सापडतो तळघरात, कित्येक आठवड्यांपूर्वी भिंतीत चिणून घेऊन वाट पाहत बसलेला. हवातच्या लोकांनी वाडा आधी झाडून तपासला होता. भिंत मात्र ठोकून पाहिली नव्हती.

पॉल त्या वेळी जागा होता म्हणून वाचला. युएने त्याला झोपेची गोळी दिली होती आणि त्याने ती गिळल्याचं नुसतं नाटक केलं होतं. त्या गोळीत काही काळंबेरं होतं असा दावा मी करत नाही, दमलेल्या मुलाला डॉक्टरने झोपेची गोळी द्यावी यात वावगं काही नाही. पण माझ्या वहीत ‘गोळी कुणी दिली’ असा एक रकाना असता. हवातच्या वहीत नव्हता.

पॉलच्या त्याच झोपायच्या खोलीत शॅडाउट मेप्स ही अराकिसच्या वाळवंटातल्या फ्रेमेन जमातीतली, वाड्यात कामाला असलेली बाई पॉलमुळे त्या यंत्रापासून वाचते. हे ऋण फेडल्याशिवाय तिला राहवत नाही. ती सांगते, तुमच्यात एक फितूर आहे. कोण ते तिला माहीत नाही, पण आहे हे नक्की.

म्हणजे साम्राज्याच्या वरच्या वर्तुळातून एक बातमी, तळच्या वस्तीतून दुसरी. दोन्ही एकमेकींना दुजोरा देणाऱ्या. याहून जास्त कुठल्या हेरखात्याला काय मिळतं?

कंडी

बॅरनच्या डावाचा दुसरा भाग मला पहिल्याहून सरस वाटतो. घरात फितूर आहे हे दडवायचा त्याने प्रयत्नच केला नाही. संशय येणारच, तर तो आपण ठरवू त्या माणसावर यावा, इतकीच व्यवस्था त्याने केली.

हवातच्या माणसांच्या हाती हारकोननांचा एक जासूद लागतो. त्याच्याजवळच्या चिठ्ठीचा काही भाग नष्ट झालेला, उरलेल्या भागाचा आशय असा: लेटोला कधीच संशय येणार नाही, आणि घाव जेव्हा लाडक्या हाताकडून बसेल तेव्हा तो कुणाकडून आला एवढ्यानेच तो कोसळेल. वर बॅरनची मोहोर. लाडका हात म्हणजे कोण, हे चिठ्ठीत नाही. नाव वाचणाऱ्यानेच घालायचं. हाती आयती आलेली पूर्ण चिठ्ठी हवातने दहादा उलटून पाहिली असती. अर्धवट चिठ्ठी त्याने स्वतःच्या अकलेने पूर्ण केली, आणि स्वतःच्या अकलेने काढलेल्या निष्कर्षावर कोण शंका घेतो?

जेसिका संशयाला सोयीची होती. लेटोने तिच्याशी लग्न केलेलं नाही, राजकीय सोयरिकीची वाट मोकळी राहावी म्हणून. ती बेने जेसरिट, म्हणजे तिची निष्ठा दुसरीकडे कुठेतरी असणारच असं गृहीत. एका रात्री डंकन आयडाहो हा शूर तलवारबहाद्दर मसाल्याची बिअर ढोसून वाड्याच्या दालनात बरळतो, की मला या बाईवर पाळत ठेवायला लावलंय. चाकरमाणसांसमोर. घरच्या धनिणीला आपल्यावर पहारा आहे हे अशा रीतीने कळतं.

मग ती हवातला बोलावून घेते, आणि हा प्रसंग कादंबरीतला सगळ्यात शहाणा आहे असं माझं मत आहे. दोघांचाही एकमेकांवर राग, दोघंही एकाच माणसाच्या भल्यासाठी झटणारी. ती त्याला सांगते, तुझा तर्क चुकतोय. तो ऐकत नाही. तेव्हा ती आपल्या पंथाचा तो विशिष्ट आवाज लावून एक हुकूम सोडते, आणि त्याचं शरीर त्याच्या आधीच तो पाळतं. तिला म्हणायचं असतं की मला घातच करायचा असता तर हे अस्त्र माझ्याजवळ कधीचंच होतं, तरी मी वापरलं नाही. हवात बाहेर पडतो तो घाबरून. तिच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याच्या डोक्यात तिच्या ताकदीचा पुरावा म्हणून जमा होतो. संशयिताने खुलासा द्यावा आणि तोच खुलासा त्याच्या फाइलला लागावा, हे मी चौकश्यांमध्ये अनेकदा पाहिलंय.

युएचं काय? त्याचं नाव निघतं आणि लगेच बाजूला पडतं. एक म्हणजे कपाळावरचा शिक्का. दुसरं, त्याच्या बायकोला हारकोननांनी मारलं असा सगळ्यांचा समज, आणि त्यांच्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजात उसळणारा द्वेष. हा द्वेष शंभर टक्के खरा आहे. पण बायको मेल्याचा द्वेष आणि बायको ओलीस असल्याचा द्वेष बाहेरून सारखाच दिसतो, याचा विचार हवातने केला नाही.

जेसिका त्याच्या सगळ्यात जवळ पोचते. खिडकीशी उभी राहून ती युएशी बोलते तेव्हा तो काहीतरी लपवतोय हे तिला स्वच्छ जाणवतं. ती त्याला पिळून काढू शकली असती. पण माझ्या काळजीपोटीच हा गप्प असेल, आपण मित्रांवर जरा विश्वास ठेवायला हवा, असं मनाशी म्हणून ती थांबते. तिच्यावर अकारण संशय घेतला जाणार असतो, आणि ती मात्र संशय घेणं असभ्य मानते.

कौटिल्याकडे जाऊन येतो

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांची पारख करायच्या चार कसोट्या आहेत, उपधा: धर्माची, अर्थाची, कामाची आणि भयाची. खोटं आमिष किंवा खोटी भीती दाखवायची आणि माणूस ढळतो का पाहायचं. युएला यांतली एकही कुणी लावली नाही, शिक्का होता म्हणून. पण लावली असती तरी तो बहुधा चारही पार झाला असता. त्याला पैसा नको, सत्ता नको, जिवाचं भयही फारसं नाही.

त्याच अधिकरणात पुढे, बाराव्या अध्यायात, हेरांच्या प्रकरणात तीन शब्द येतात: ‘गृहीतपुत्रदारांश्च कुर्यादुभयवेतनान्’. ज्यांची बायकामुलं आपल्या ताब्यात आहेत अशांना उभयवेतन करावं. उभयवेतन म्हणजे शत्रूचा पगार खाणारा आपला माणूस. युएची अख्खी नेमणूक या ओळीत बसते: चाकरी अट्रेडीजची, दार म्हणजे बायको हारकोननांच्या कोठडीत. हर्बर्टने कौटिल्य वाचला होता असं मला सुचवायचं नाही. माणसाची कुठली बाजू धरली की तो वाकतो, हे दोघांनीही आपापल्या ठिकाणी पाहिलेलं असणार.

अर्थशास्त्रातला आणखी एक सल्ला लेटोच्या जिव्हारी लागला असता. कसोट्या सांगून झाल्यावर कौटिल्य आधीच्या आचार्यांपासून वेगळा होऊन बजावतो, की अमात्यांची शुद्धता तपासण्यासाठी राजाने स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये. पाण्यात विष कालवावं तसं निर्दोषाला दूषित करू नये, एकदा बिघडलेल्यावर औषध सापडेलच असं नाही. लेटोने नेमकं हेच केलं. जेसिकावर त्याचा विश्वास होता. तरी खऱ्या फितुराला गाफील ठेवायला त्याने तिच्यावर संशय असल्याचं सोंग आणलं. पॉलला खाजगीत सांगूनही ठेवलं, की माझं बरंवाईट झालं तर आईला सांग, मी तिच्यावर कधीच अविश्वास दाखवला नव्हता. सोंग चांगलं वठलं. इतकं, की ते फक्त सोंग आहे हे हवातला कळलंच नाही आणि त्याची उरलीसुरली नजरही जेसिकावर खिळली. युए मोकळा राहिला.

ती रात्र

भराभर सांगतो, कारण घडायला वेळ लागलाच नाही. वाड्याची संरक्षक कवचं बंद पडतात. लेटोला अंधाऱ्या ओसरीत तस्करांचा म्होरक्या ट्युएक मरून पडलेला दिसतो, मेप्स शेवटच्या घटका मोजत असते. मागून एक सुई येऊन रुतते, अंग लुळं पडतं. समोर युए.

एका माणसाने कवचं पाडावीत आणि त्यावर दुसऱ्या कुणाची सही, दुसऱ्या कुणाची किल्ली लागू नये? असो, व्यवसायातली सवय.

बाहेर हारकोननांच्या फौजेत त्यांचेच गणवेश चढवलेले सार्डोकार आहेत, म्हणजे पादशहाची खाशी फौज. हवात जो हिशेब करून बसला होता त्याच्या कितीतरी पट हा हल्ला. गिल्डच्या जहाजांचं भाडं इतकं अवाढव्य की एवढं सैन्य आणायचा खर्च कुणी करणार नाही, असं त्याने धरलं होतं. वैराची किंमत हिशेबात धरायची राहिली.

पण युएने अट्रेडीजना विकलं ते पूर्ण नाही. लेटोच्या तोंडात एक नकली दात होता. त्याच्या जागी युए विषारी वायूचा दात बसवतो आणि सांगतो, बॅरन जवळ आला की चावा आणि जोरात श्वास सोडा. ड्यूकची मोहोरेची अंगठी काढून घेतो, पॉलसाठी. पॉल आणि जेसिका यांना ज्यातून नेणार त्या विमानात वाळवंटात तगून राहायचं सामान दडवतो. मग बॅरनपुढे जाऊन उभा राहतो. वानाला सोडतो आणि तुला तिच्याकडे जाऊ देतो, असं बॅरनने कबूल केलं होतं. बॅरन शब्द पाळतो. पायटरचा सुरा चालतो. वाना केव्हाच मेलेली आहे.

युएला याचा अंदाज होता. वानाने शिकवलेल्या नजरेने बॅरनचं तोंड समोरासमोर पाहिलं की खरं काय ते कळेल, म्हणून तर तो गेला. मरता मरता तो बॅरनला ऐकवतो, की वानासाठी आपण काय विकत घेतलं हे आपल्याला ठाऊक होतं. थोड्या वेळाने लेटो दात चावतो. पायटर आणि खोलीतले बाकीचे मरतात. बॅरन स्वतःच्या कवचामुळे थोडक्यात वाचतो.

आधीच का सांगितलं

आता लेखकाच्या चालीकडे. पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात एक अंगठ्यांनी भरलेला गुबगुबीत हात अराकिसचा गोल फिरवतो आहे. बॅरन, पायटर आणि पुतण्या फेड-राउथा बोलताहेत, आणि बोलण्याबोलण्यात फितुराचं नाव आणि जेसिकावर संशय वळवायचा बेत दोन्ही बाहेर पडतात. पुढच्या प्रकरणांच्या डोक्यावर पुस्तकातल्याच काल्पनिक ग्रंथांतले उतारे आहेत. त्यांतल्या एकात मुलांच्या इतिहासातलं पालुपद येतं, युएला लाख मरणंही कमीच, अशा अर्थाचं. आपल्याकडे फितूर म्हटलं की सूर्याजी पिसाळाचं नाव आपोआप तोंडी येतं, तसंच. माणूस अजून जिवंत आहे, पोराला पुस्तक भेट देतोय, आणि त्याच्या नावाची शिवी आपल्याला आधीच पाठ झालेली असते.

हेरकथेचा धंदाच ‘कोण’ या प्रश्नावर चालतो. हर्बर्टने तो प्रश्न पहिल्या फेरीत फुकून टाकला. त्यामुळे काचघरातली चिठ्ठी वाचताना आपण जेसिकाबरोबर कोडं सोडवत बसत नाही. तिच्या मागे उभे राहून मनात ओरडत राहतो: अगं, तोच! वाचक तपासणी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो, निकाल आधी हातात असलेल्या अधिकाऱ्याच्या. आणि मग दिसतं की मंडळी मूर्ख मुळीच नाहीत. प्रत्येकाने आपापल्या जागी समंजस निर्णय घेतला आहे.

2021 साली आलेल्या डेनी व्हिलनव्हच्या चित्रपटात हे उलटं केलंय. चँग चेनने केलेला युए हल्ल्याच्या रात्रीपर्यंत पडद्यावर घरचाच माणूस आहे. जेसिकावरच्या संशयाचं उपकथानक आणि मार्गोची चिठ्ठी दोन्ही गेली. चित्रपटाला वेग मिळाला, धक्काही बसला. पण युए धक्क्यापुरता उरला. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला त्यांना हे प्रकरण ‘एका डॉक्टरने दगा दिला’ एवढंच वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हर्बर्ट वर्तमानपत्रांत काम केलेला माणूस. 1957 साली तो ऑरेगॉनमधल्या फ्लॉरेन्सला गवत लावून वाळूच्या टेकड्या थोपवायचा प्रयोग पाहायला गेला, त्यातून हे जग उगवलं. गोष्ट आधी मासिकात क्रमशः आली, डिसेंबर 1963 पासून. त्याच वर्षी जानेवारीत किम फिल्बी बैरुतमधून नाहीसा झाला आणि पुढे मॉस्कोत निघाला. ब्रिटिश हेरखात्यातला हा वरिष्ठ अधिकारी मुळात सोव्हिएत रशियाचा हेर. 1949 ते 1951 तो वॉशिंग्टनला होता आणि अमेरिकेच्या जेम्स अँगलटनबरोबर नेमाने जेवायला जात असे. त्याच्या कपाळावर गोंदण नव्हतं. केंब्रिजचं शिक्षण, चांगलं घराणं, योग्य मंडळींत ऊठबस, हेच त्याचं गोंदण. सीआयएच्या प्रतिहेर विभागाचा प्रमुख झालेल्या अँगलटनने पुढे 1974 मध्ये पायउतार होईपर्यंत आपल्याच लोकांत घुसलेला फितूर शोधण्यात वर्षं घालवली आणि निर्दोष अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. या घटनांतून कादंबरी निघाली असं कुणी म्हणू नये. एकाच ऋतूत दोन झाडांना तेच फळ धरलं, इतकंच. पुस्तकरूपात ‘ड्यून’ 1965 ला आली. वीसहून जास्त प्रकाशकांनी परत केल्यावर मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टनने ती छापली. पुढच्या वर्षी पहिला नेब्युला पुरस्कार तिला मिळाला आणि ह्यूगो विभागून.

मागे राहिलेलं विष

फितूर त्याच रात्री मेला. प्रकरण मिटलं नाही, कारण बॅरनची कंडी मेली नव्हती.

खरं काय ते त्या रात्रीनंतर लगेच कळलं फक्त पॉल आणि जेसिका यांना. वाळवंटातल्या तंबूत सामान उघडल्यावर अंगठीबरोबर युएची चिठ्ठी निघाली. मला क्षमा करू नका, क्षमा मला नकोच आहे, अशी. पण ही दोघं जगाच्या लेखी मेलेली. बाहेर जे जगले ते जुनाच निष्कर्ष उराशी धरून जगले. शाहीर आणि योद्धा गर्नी हॅलेक तस्करांत सामील झाला. दोनेक वर्षांनी पॉल त्याला भेटतो, आनंदाने आपल्या फ्रेमेन लोकांत घेऊन येतो, आणि तिथे गर्नीला जेसिका जिवंत दिसते. तो तिच्या गळ्याला सुरी लावतो. त्याच्या डोक्यात लेटोची मारेकरी अजून तीच आहे. पॉल वेळेवर बोलला नसता तर बॅरनची अर्धवट चिठ्ठी इतक्या उशिरा, मालक जागेवर नसताना, वटली असती.

हवातचं आणखी वाईट झालं. तो हारकोननांच्या हाती लागला. त्याच्या अंगात विष भिनवलं आणि उतारा रोज जेवणातून देत राहिले, म्हणजे पळायची सोय नाही. त्याने बॅरनची चाकरी पत्करली, ती एका आशेवर: कधीतरी त्या बाईचा सूड घेता येईल. अट्रेडीजच्या घरातली सगळ्यात तल्लख बुद्धी सगळ्यात जुन्या वैऱ्याच्या कामी लागली, आणि तिला इंधन पुरवत होता तिचाच चुकलेला निष्कर्ष. युएने घराची भिंत पाडली. हवातला मात्र कुणी फितवायची गरजच पडली नाही.

अगदी शेवटी, पादशहा हरल्यावर, हवातला दरबारात पॉलसमोर आणतात. त्याच्या हातात एक विषारी सुई लपवलेली आहे आणि ती पॉलला टोचावी अशी पादशहाच्या बाजूची अपेक्षा आहे. पॉल पाठ फिरवून उभा राहतो, जे हवं ते घे म्हणून. म्हातारा सुई वापरत नाही. त्या आधी तो जेसिकाकडे वळून सांगतो, की मनातल्या मनात आपण तिच्यावर केवढा अन्याय केला हे आपल्याला आजच कळलं. क्षमा करायची गरज नाही, असंही म्हणतो. त्याच्या अंगातल्या विषावरचा उतारा केव्हाच थांबलेला असतो.